संवादकौशल्य मोजायचे कसे : गोव्यातील नव्या निरीक्षकांसाठी

एखाद्या जागेसाठी मुलाखत घेताना, स्वयंसाहाय्य गटाचे प्रशिक्षण संपल्यावर किंवा महाविद्यालयातील प्रकल्पाला गुण देताना 'संवादकौशल्य : दहापैकी सात' असा आकडा सहज लिहिला जातो. हे सात नेमके कशाचे, असे विचारले तर बहुतेक परीक्षकांना उत्तर देता येत नाही, कारण त्यांनी काही मोजलेलेच नसते. समोरच्या माणसाविषयी झालेले आपले मत त्यांनी आकड्यात लिहिलेले असते. फोंडा, सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत गेली काही वर्षे मी शिक्षक, कचेऱ्यांतील कर्मचारी आणि गट चालवणाऱ्या महिला यांच्यासाठी या मोजमापाच्या कार्यशाळा घेतो. तेथे नव्याने आलेल्यांना जे क्रमाने सांगतो, तेच येथे लिहिले आहे. हे विवेचन दोन माणसांमधील समोरासमोरच्या बोलण्यापुरतेच आहे. व्यासपीठावरील वक्तृत्व हा निराळा विषय असून उत्तम वक्ता कचेरीच्या खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलताना अगदी कच्चा निघू शकतो.

पहिली पायरी : काय मोजायचे ते ठरवणे

ब्रायन स्पिट्झबर्ग आणि विल्यम क्युपाक या अमेरिकी अभ्यासकांनी १९८४ मध्ये मांडलेली चौकट नव्या माणसाला सर्वांत उपयोगी पडते. त्यांच्या मते संवादक्षमता तीन गोष्टींवर उभी असते : बोलण्याची इच्छा, काय बोलावे याचे ज्ञान आणि ते प्रत्यक्ष करून दाखवण्याचे कौशल्य. तिची पारख मात्र दोन कसोट्यांवर होते. बोलणे त्या प्रसंगाला व नात्याला शोभणारे होते का, ही पहिली. आणि ज्यासाठी बोलणे झाले ते काम साधले का, ही दुसरी. या दोन कसोट्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

एक कल्पित प्रसंग घ्या. एक वृद्ध शेतकरी आपल्या जमिनीच्या नोंदीचा, म्हणजे एक-चौदाचा, उतारा मागायला कचेरीत येतो. खिडकीवरची मुलगी हसतमुखाने, 'तुम्ही'च्या आदराने त्याला सांगते की सर्व्हे नंबर घेऊन या, लगेच देते. त्याला आपली जमीन नावाने ठाऊक आहे, क्रमांकाने नाही. तो मान हलवतो आणि घरी परततो. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीवरचा दुसरा कर्मचारी मान वर न करता म्हणतो, 'अरे, घरात जुन्या उताऱ्याची झेरॉक्स असेल ती आण, नंबर मी काढतो.' तासाभरात म्हाताऱ्याच्या हातात उतारा असतो. पहिली कसोटी लावली तर मुलगी सरस ठरते आणि दुसरी लावली तर कर्मचारी. दोन्ही गुणांची सरासरी काढली तर दोघे सारखेच ठरतील, आणि तेवढ्यानेच ती सरासरी निरुपयोगी होते.

त्या 'अरे, आण' याला किती गुण कापावेत, हा प्रश्न गोव्यात वाटतो तितका सोपा नाही. कोकणीत वडीलधाऱ्या माणसालाही 'तूं' म्हणण्याची रीत अनेक घरांत, विशेषतः ख्रिस्ती समाजात, रुळलेली आहे आणि त्यात अनादर नसतो. कोकणी मनात ठेवून मराठी बोलणारा माणूस हे एकवचन मराठीत आणतो, तेव्हा पुण्याहून आलेल्या निरीक्षकाला तो उद्धटपणा वाटतो आणि म्हाताऱ्याला घरचेपणा. शोभण्या-न शोभण्याचा निवाडा ज्याच्याशी बोलणे झाले त्याच्याकडून घ्यावा, निरीक्षकाच्या कानावर सोडू नये.

दुसरी पायरी : गुणांची वागणुकीत फोड

'चांगला ऐकतो', 'आत्मविश्वास आहे', 'मनमिळाऊ आहे' ही वर्णने डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ती मोजताही येत नाहीत. दिसते ती वागणूक. म्हणून प्रत्येक गुणाखाली, शेजारच्या खोलीतल्या परक्या माणसालाही ओळखता येईल अशी एक-दोन कृत्ये लिहावीत. ऐकण्यासाठी मी पुढील तीन घेतो : समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबणे, त्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत परत सांगून 'असेच ना?' अशी खात्री करून घेणे; आणि हो-नाहीवर न संपणारा निदान एक प्रश्न विचारणे. यातले दुसरे कृत्य लहान दिसले तरी सर्वांत मोलाचे आहे. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये सक्रिय श्रवणावर जी पुस्तिका लिहिली, तिच्या केंद्रस्थानी हीच कल्पना आहे.

पहिल्या कृत्यात एक अडचण आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या तौलनिक अभ्यासात असे दिसले की, प्रश्न संपून उत्तर सुरू होण्यामधले अंतर सर्वसाधारणपणे सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असते. माणसे एवढ्या लगबगीने बोलत असताना थोडेफार एकमेकांवर बोलले जाणारच, आणि सरसकट प्रत्येक वेळेला 'मध्येच तोडले' म्हणून खूण केली तर आपल्याकडचा कोणताही जिवंत संवाद नापास होईल. 'व्हय, व्हय', 'बरं', 'तशें' असे हुंकार बोलणाऱ्याला पुढे ढकलतात. बोलण्याची पाळी हिसकावून घेतली गेली आणि मूळ वाक्य अर्धवटच राहिले, तरच खूण करावी. हा फरक निरीक्षकांना पाच मिनिटांची ध्वनिमुद्रित फीत ऐकवून शिकवावा लागतो, नुसता समजावून तो कळत नाही.

नकार देणे आणि नकार ओळखणे हेही यादीत असावे, असे माझे ठाम मत आहे, कारण आपल्याकडची बरीच गैरसमजूत तेथेच होते. फोंड्यातल्या दुकानदाराने 'पळोवया', म्हणजे 'बघूया', म्हटले म्हणजे तो माल घेणारच, असे समजून नवा विक्रेता वहीत नोंद करतो. जुना विक्रेता मात्र तो शब्द कोणत्या सुरात आला ते ऐकून, 'मग पुढच्या महिन्यात येऊ का?' असे विचारतो आणि नकार असेल तर तो शब्दांत येऊ देतो. पाच-सहा कृत्यांपेक्षा मोठी यादी करू नये. निरीक्षकाचे लक्ष एका वेळी तितकेच पुरते.

याच टप्प्यावर कोणीतरी हमखास सांगतो की संवादात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के, आवाजाचा अडतीस आणि देहबोलीचा पंचावन्न, तेव्हा देहबोलीलाच जास्त गुण ठेवा. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांच्या जोडणीतून आले आहेत. त्यांत बहुतांशी सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवून किंवा चेहऱ्यांच्या छायाचित्रांसह दाखवून, बोलणाऱ्याची आवड-नावड ऐकणाऱ्याला काय वाटते, एवढेच तपासले होते. एक-चौदाच्या उताऱ्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात ही माहिती पंचावन्न टक्के हातवाऱ्यांनी पोहोचत नाही. हे प्रमाण तुमच्या गुणपत्रकात अजिबात घालू नका.

तिसरी पायरी : साधन निवडणे

साधने तीनच प्रकारची असतात : माणसाने स्वतःविषयी भरलेली प्रश्नावली, इतरांनी त्याच्याविषयी भरलेली प्रश्नावली आणि प्रत्यक्ष निरीक्षण. तयार प्रश्नावल्या भरपूर आहेत. जॉन वीमन यांची १९७७ ची प्रश्नावली ३६ विधानांची आहे. रेबेका रुबिन आणि मॅथ्यू मार्टिन यांची १९९४ ची ३० विधानांची असून ती दहा पैलूंत विभागलेली आहे. बुर्मेस्टर आणि सहकाऱ्यांची १९८८ ची प्रश्नावली ४० विधानांत ओळख सुरू करणे, नापसंती सांगणे, मन मोकळे करणे, आधार देणे आणि मतभेद मिटवणे अशी पाच क्षेत्रे तपासते. जेम्स मॅक्रोस्की यांची २४ विधानांची प्रश्नावलीही पुष्कळ वापरली जाते, पण ती बोलण्याची भीती मोजते, कौशल्य नव्हे. तिचा गुणांक २४ ते १२० यांदरम्यान येतो आणि जास्त गुण म्हणजे जास्त भीती. हे न वाचता जास्त गुणवाल्यांना प्रशिक्षक नेमण्याची चूक होऊ शकते.

स्वतःविषयी भरलेल्या प्रश्नावलीवर एकटीवर विसंबू नये. कॉर्नेल विद्यापीठातील जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ मध्ये विनोद, तर्क आणि व्याकरण या विषयांत दाखवले की सर्वांत कमी गुण मिळवणारेच स्वतःला सर्वांत जास्त वाढवून धरतात. त्यांनी समोरासमोरचे संभाषण तपासले नव्हते हे खरे. पण 'मी इतरांचे नीट ऐकतो' या विधानाला 'नाही' म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

परभाषेतून आणलेल्या विधानांबाबत माझी स्वतःची एक फजिती येथे सांगणे योग्य होईल. सत्तरीतल्या एका महिला गटासाठी मी 'मी माझे म्हणणे ठामपणे मांडते' असे विधान लिहिले होते. जवळजवळ सगळ्यांनी 'कधीच नाही' या घरात खूण केली आणि मी त्यांना भिडस्त ठरवून मोकळा झालो. चहाच्या वेळी त्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या, 'सर, आम्ही भांडत नाही हो.' त्यांनी 'ठामपणे' याचा अर्थ हुज्जत घालणे असा घेतला होता. पुढच्या खेपेला 'न पटलेली गोष्ट मी त्याच बाईला, तिच्या तोंडावर सांगते' असे लिहिले, तेव्हा उत्तरे पुरती बदलली. म्हणून भाषांतर झाल्यावर मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट मूळ भाषेत करून घ्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीन-चार माणसांना एकेक विधान वाचून दाखवून 'तुम्हाला यातून काय कळले?' असे विचारावे. 'मला राग येत नाही' यासारखी नकारार्थी विधाने तर काढूनच टाकावीत. 'कधीच नाही' असे उत्तर देताना दोन नकारांचा हिशेब कोणी करत बसत नाही. घरी कोकणी आणि शाळेत मराठी शिकलेल्या माणसासाठी प्रश्न तोंडी विचारायचे असतील, तर त्याला कोकणीत उत्तर देण्याची मुभा असावी. आपण त्याचे मराठी मोजायला बसलेलो नाही.

चौथी पायरी : मोजपट्टी

रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची सहमती-असहमतीची श्रेणी प्रश्नावलीला चालते. निरीक्षणासाठी मात्र 'उत्तम, चांगले, बरे' हे शब्द पुरेसे नाहीत, कारण प्रत्येकाचे 'बरे' वेगळे असते. प्रत्येक आकड्यासमोर दृश्य लिहावे. खात्री करून घेण्याच्या कृत्यासाठी मी असे लिहितो : १ म्हणजे ऐकून लगेच उत्तर दिले, २ म्हणजे 'कळले ना?' एवढेच विचारले. ३ म्हणजे म्हणण्यातला एखादा भाग परत सांगितला. ४ म्हणजे सगळे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगून होकार घेतला. आणि ५ म्हणजे समोरच्याने दुरुस्ती सुचवल्यावर ती स्वीकारून पुन्हा सांगितले. ही वाक्ये लिहायला एक संध्याकाळ लागते, आणि पुढचे सगळे वाद वाचतात.

पाचवी पायरी : सर्वांसाठी सारखा प्रसंग

एकाला शांत गिऱ्हाईक आणि दुसऱ्याला चिडलेले गिऱ्हाईक मिळाले, तर त्यांच्या गुणांची तुलना अन्यायाची होते. वैद्यकीय शिक्षणात यावर उपाय शोधला गेला. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ पासून रुग्णाची भूमिका करणारी प्रशिक्षित माणसे वापरली आणि रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे १९७५ मध्ये, ठरावीक वेळेची अनेक स्थानके फिरत द्यायची परीक्षा मांडली. भारतातही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे.

आपल्याला इतका पसारा नको. सात-आठ मिनिटांचा एक प्रसंग आणि भूमिका करणारा एक माणूस पुरतो. गोव्यात अशा माणसांची वाण कधी पडत नाही. जत्रेला देवळासमोर मराठी नाटक करणारी मंडळी वाड्यावाड्यावर आहेत. त्यांची खोड एकच : प्रत्येक खेपेला ते भूमिका रंगवत नेतात. तिसऱ्या उमेदवाराच्या वेळी साधी तक्रार करणारा ग्राहक सातव्याच्या वेळी डोळ्यांत पाणी आणून उभा असतो. म्हणून त्यांना तीन वाक्ये ठरवून द्यावीत, ती शब्दशः आणि ठरलेल्या जागीच म्हणायची : आरंभीची तक्रार, मधला गैरसमज आणि शेवटी एक नाराजीचे वाक्य. बाकी संवाद उमेदवाराच्या उत्तराप्रमाणे चालू द्यावा. दूरध्वनीवरच्या बोलण्याचे मोजमाप हवे असेल तर पाठीला पाठ लावून बसवावे, एवढा एक बदल पुरे.

सहावी पायरी : दोन निरीक्षक आणि त्यांची एकवाक्यता

एकट्याच्या निरीक्षणावर विश्वास ठेवू नये. माणूस एका बाबतीत आवडला की बाकीच्या बाबतीतही त्याला चढते गुण मिळतात, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच नोंदवले होते. गावात तर निरीक्षक उमेदवाराच्या घराण्यालाही ओळखत असतो. दोघा निरीक्षकांनी एकमेकांशी न बोलता पत्रके भरावीत आणि मगच ती शेजारी ठेवावीत.

एकवाक्यता काढताना एक फसगत होते. समजा, एक कृत्य घडले की नाही, याविषयी दोघांनी २० उमेदवारांबाबत निर्णय दिले. १४ ठिकाणी दोघेही 'घडले' म्हणाले, २ ठिकाणी दोघेही 'नाही' म्हणाले आणि ४ ठिकाणी मतभेद झाला, दोन एका बाजूने, दोन दुसऱ्या बाजूने. २० पैकी १६, म्हणजे ८० टक्के जुळले. आकडा भरघोस दिसतो. पण दोघेही २० पैकी १६ वेळा, म्हणजे ८० टक्के वेळा 'घडले' असे लिहित होते. याच प्रमाणात डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी ०.८ गुणिले ०.८ अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ०.६८ इतके जुळलेच असते. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कप्पा हा गुणक ही योगायोगाची जुळणी वजा करतो : ०.८० वजा ०.६८ म्हणजे ०.१२, त्याला १ वजा ०.६८, म्हणजे ०.३२ ने भागले की ०.३७५ येतो. १ म्हणजे पूर्ण जुळणी हे लक्षात घेता ही एकवाक्यता बेताचीच आहे. असा आकडा आला की उमेदवारांना बाजूला ठेवावे आणि निरीक्षकांनी ते चार मतभेद काढून बसावे. बहुतेक वेळा दोष कृत्याच्या व्याख्येत सापडतो.

सातवी पायरी : ऐकणाऱ्याला विचारणे

वरचे सगळे जमले नाही तरी ही पायरी सोडू नये. संभाषण संपल्यावर ज्याच्याशी बोलणे झाले त्याला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारावेत : 'आता घरी जाऊन काय करणार?' आणि 'विचारायचे होते पण राहिले, असे काही आहे का?' पहिल्याचे उत्तर बोलणाऱ्याच्या हेतूशी ताडून पाहावे. पाच मुद्दे सांगायचे होते आणि तीन परत आले, तर परिणामकारकता पाचपैकी तीन; इतका स्वच्छ आकडा बाकी कुठल्याच साधनातून मिळत नाही. दुसऱ्या प्रश्नातून भीती, संकोच आणि वरच्या आवाजाचा परिणाम कळतो. 'समजले का?' असे मात्र कधी विचारू नये. त्याचे उत्तर 'होय' हेच येते, विशेषतः वृद्धांकडून आणि खिडकीपलीकडच्या माणसाची गरज असलेल्यांकडून.

आठवी पायरी : गुणांचे काय करायचे

मोजण्याआधी संमती घ्यावी, ध्वनिमुद्रण करणार असल्यास ती लेखी घ्यावी आणि फीत कोण ऐकणार व केव्हा पुसणार हे त्याच कागदावर लिहावे. निकाल सांगताना एकूण बेरीज सांगू नये. 'तुम्हाला ३० पैकी १९' हे ऐकून कोणाला काही सुधारता येत नाही. 'तिन्ही वेळा ग्राहकाचे वाक्य संपण्याआधी तुम्ही दर सांगितला' हे ऐकून सुधारता येते. स्वतःचे गुण, सहकाऱ्यांचे गुण आणि निरीक्षकाचे गुण एका पानावर शेजारी मांडले तर सर्वांत उपयोगी चर्चा होते. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये आखलेल्या जोहरी खिडकीत, इतरांना दिसते पण स्वतःला दिसत नाही असा जो चौकोन आहे, तो या तुलनेत आपोआप उघडतो. तो सर्वांसमोर उघडू नये, एवढी काळजी घ्यावी.

प्रशिक्षणाचा परिणाम पाहायचा असेल तर दुसरे मोजमाप सहा ते आठ आठवड्यांनी घ्यावे, कारण कार्यशाळा संपल्याच्या दुपारी सगळ्यांचेच गुण वाढलेले असतात. प्रसंग तितकाच अवघड पण नवा असावा, निरीक्षकांना शक्यतो हे पहिले मोजमाप की दुसरे हे ठाऊक नसावे, आणि पहिल्या वेळी अगदी तळाला असलेल्यांचे गुण काहीही न करता थोडे वर सरकतात हे ध्यानात ठेवून, प्रशिक्षण न मिळालेल्या तेवढ्याच माणसांचेही दोन्ही वेळा मोजमाप करावे. तारीख निवडताना चतुर्थीच्या आधीचा पंधरवडा टाळावा. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजाराची आणि सामानाची घाई डोक्यात असलेला माणूस त्या दिवसांत कोणाचेच वाक्य संपेपर्यंत थांबत नाही, आणि भूमिका करणारी नाटकमंडळीही तेव्हा आपापल्या गावी गेलेली असतात.